तिसरं नाव

आम्हा बंगाल्यांना दोन नावं असतात, एक जगासाठी आणि एक घरच्यांसाठी. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात वर तिसरं मिळतं. माझ्या शेजारचा सौम्यदीप इथे केव्हिन होता. मी नवी, म्हणून त्याच्या लाइनवर दुसरा हेडफोन लावून मला नुसतं ऐकायला बसवलेलं.

काम सोपं आणि नीच. विलायतेतल्या म्हाताऱ्यांच्या कॉम्प्युटरवर लाल पाटी झळकायची : व्हायरस शिरलाय, या नंबरवर फोन करा. ते बिचारे करायचे. मग दुरुस्तीचं खोटं सॉफ्टवेअर त्यांच्या गळ्यात मारायचं.

त्या दुपारी लेस्टरहून एका बाईंचा फोन आला. इंग्रजी तिकडचं, आवाज घाबरलेला. केव्हिनने गोड बोलून त्यांचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर उघडला आणि त्याची बोटं थांबली. समोर दुर्गापूजेतल्या अष्टमीचा फोटो होता. लाल काठाच्या पांढऱ्या साडीतल्या बाई आणि त्यांना बिलगलेला सौम्यदीप.

"माझी पिशी," तो माइकवर हात धरून पुटपुटला. बापाची सख्खी बहीण. जन्मभर दोघं बंगालीत बोललेली, इंग्रजीत कोण कुणाला ओळखणार?

मागे आमचे बॉस दत्तसाहेब येऊन उभे राहिले. "कार्ड नंबर घे की. आरती ओवाळतोस काय तिची?"

"जरा थांबा हं," पिशी म्हणाली. "माझा भाचा कोलकात्यात कॉम्प्युटरमध्येच आहे, त्याला विचारते. नाहीच उचलला त्याने, तर देते नंबर."

ऑफिसात मोबाइलला बंदी. सौम्यदीपचा मोज्यात होता, तो थरथरायला लागला.  साहेब हातभर अंतरावर.

"नको रे दादा," मी कुजबुजले.

त्याने मोजा खाली ओढला आणि फोन कानाला लावला.

"टुबाई," पिशीने त्याला घरच्या नावाने हाक मारली, "एक माणूस पैसे मागतोय रे. देऊ का?"

"देऊ नकोस, पिशी. सगळं बंद कर. चोर आहेत ते."

हेडफोनचा माइक बंद करायचं त्याला सुचलंच नाही. तिच्या एका कानात टुबाई बोलला आणि दुसऱ्या कानात, केव्हिनच्या लाइनवरून, तोच.

 साहेबांचा हात खांद्यावर पडला तरी सौम्यदीप हलला नाही. ती शिव्या देईल, रडेल, म्हणून तो वाट बघत होता.

"बरं," ती बंगालीत म्हणाली. "ठेवते मी, सौम्यदीपबाबू. तुमचं काम चालू द्या."