सीताफळाखालची माती

दीपमालाचा वाण हातचा गेला हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी टाकी दिसायला नेहमीसारखीच होती. वास तोच, शिजलेल्या सोयाबीन पेंडीचा. फेसही तेवढाच. गहिनीनाथनं तोटीतून नमुना घेतला, खळीच्या पाण्यात दोन थेंब सोडले, थोडा वेळ जाऊ दिला आणि वरून आयोडीन टाकलं. टाकीतल्या जिवाणूंनी एन्झाइम नीट सोडलं असेल, तर ते खळ खाऊन टाकतं आणि पाणी पिवळट राहतं. पाणी निळंशार झालं.

"भाऊ, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायला ठेवा हे," बॉयलरवरचा हनुमान म्हणाला. गहिनीनाथ हसला नाही. त्यानं दुसरा नमुना घेतला. तोही निळा. मग हनुमानचंही हसू गेलं.

बीडच्या औद्योगिक वसाहतीतला हा छोटा कारखाना गहिनीनाथ आणि दीपमाला या नवरा-बायकोनं मिळून उभा केला होता. उसाच्या रसात खळ, म्हणजे स्टार्च, असते. ती राहिली की साखरेचा दाणा नीट धरत नाही, म्हणून साखर कारखाने रसात एन्झाइम घालतात. ते एन्झाइम इथं व्हायचं. टाकी, वाफ, हवा हे गहिनीनाथकडं. जिवाणू दीपमालाकडं. तिनं साध्या मातीतून एक जिवाणू काढला होता आणि वर्षानुवर्षं त्याला घडवत आणलं होतं. प्लेटवर त्याच्या वसाहती वाढवायच्या, अतिनील दिव्याखाली धरायच्या, त्यातून वाचलेल्यांमध्ये जी जास्त खळ खाईल ती निवडायची. पुन्हा दिवा, पुन्हा निवड. शेतकरी बियाण्याला कणीस निवडून ठेवतो, तसंच. फक्त हे कणीस डोळ्यांना दिसत नाही.

श्रावणात तिच्या डोक्यातली शीर फुटली. बीडच्या दवाखान्यातून संभाजीनगरला न्यायचं ठरलं होतं. गेवराईच्या पुढं जाता आलं नाही.

प्रयोगशाळेत दीपमालाच्या हाताखाली काम करणारी रोहिणी निळा ग्लास बघून खाली बसली.

"वाण उतरला, भाऊ."

"कसा काय?"

"मॅडम दर महिन्याला तुमच्या घरच्या फ्रिजमधली मूळ वाणाची नळी आणायच्या. तिच्यातून नवी सुरुवात. मी इथल्याच नळीतून पुढं पुढं चालवत राहिले."

गहिनीनाथला पुढचं सांगावं लागलं नाही. दीपमाला हे जेवताना कितीदा तरी बोलली होती. एन्झाइम करायला जिवाणूची ताकद जाते. जो ते करत नाही तो आरामात पोसतो आणि वाढतो. ऊसतोडीच्या टोळीत कोयता न उचलणारे घुसावेत आणि हळूहळू सगळी टोळी त्यांचीच व्हावी, तसं एकाच नळीतून पुढं नेत राहिलं की होतं. कारखान्यात वीज सारखी जाते, घरी इन्व्हर्टर आहे, म्हणून मूळ नळ्या घरी.

"मग मागितली का नाहीस?"

"सुतकाच्या घरातून सामान कसं मागायचं, भाऊ? मग दहावं झालं, तेरावं झालं. तुमच्याकडं बघून तोंड उघडेना."

त्यानंही तो फ्रिज नीट उघडला नव्हता. दूध वरच्या कप्प्यात असायचं. खाली वाकायचं कारण पडलं नव्हतं.

दोघं तसेच घरी आले. गहिनीनाथची थोरली बहीण विमलबाई दीपमाला गेल्यापासून वडवणीहून येऊन त्याच्याकडं राहिली होती. ती ओट्यावर मेथी निवडत होती. गहिनीनाथनं फ्रिजचा खालचा कप्पा ओढला. त्यात कोथिंबीर होती.

"आक्का, हितल्या काचेच्या नळ्या कुठं हायत?"

"कापसाचं बूच आसलेल्या? त्या डब्यात बघ. चांगली काच हाय म्हून राखंनं घासून ठिवल्या. मोहरी, जिरं, वेलदोडा."

रोहिणीनं डबा उघडला. नळ्या चकचकीत होत्या. एकीत खरंच मोहरी होती.

"आतलं काय केलंस?"

"टाकलं. बुरशीवानी पांढरं चढलं व्हतं त्याच्यावर. सुतकातलं अन्नपानी कुनी घरात ठिवतं का रं? समदं फ्रिज रिकामं केलं दहाव्याच्या दिशी. दूध, पीठ, त्ये बी." मग तिनं दोघांची तोंडं पाहिली. मेथीची जुडी हातातच राहिली. "कावून? काय व्हतं त्यात?"

सांगणं भाग होतं. गहिनीनाथनं थोडक्यात सांगितलं. विमलबाईनं जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "अरं नाथा, तिचं आयुष्य मी नाल्यात घातलं व्हय?"

"नाल्यात?" रोहिणीनं एकदम विचारलं.

"न्हाई गं बाई. सीताफळाच्या आळ्यात. काडीनं उकरून काडलं, वरून कडत पानी वतलं."

"कढत पाणी?" रोहिणी उठून उभी राहिली. "भाऊ, हा जिवाणू बीजाणू धरतो. कवच असतं त्याला. कढत पाण्यानं दुसरे मरतील, हा नाही."

"आन् मग गोमूत्र शिंपडलं," विमलबाई म्हणाली.

"घ्या. आणखी शंभर जातींची भर."

तिघं परसात गेले. सीताफळाचं झाड बुटकं, आळं मात्र ऐसपैस. विमलबाई खुरपं घेऊन पुढं झाली. मीच टाकलं, मलाच ठाव, म्हणाली. पण आळ्याशी आल्यावर तिचं डोकं चालेना. एकदा म्हणाली हिकडं, दाराच्या बाजूला. मग म्हणाली, बायांनी कपडे वाळत घातले होते त्या दिवशी, तर पलीकडून आले असेन. शेवटी दाराच्या बाजूनं सुरुवात करायचं ठरलं. गहिनीनाथनं माती वरवर खरवडून पिशव्यांत भरली. विमलबाई एकेक पिशवी दोन्ही हातांत धरून रोहिणीच्या गाडीपर्यंत नेत होती.

रोहिणीनं माती पाण्यात कालवून तापवली, खळीच्या प्लेटांवर पसरली. आयोडीन ओतलं की वाढ मरते, म्हणून प्रत्येक प्लेटची जोड लावली, एक मारायला आणि एक ठेवायला. वसाहती उगवल्या त्या ढिगानं. निळ्या प्लेटवर जिथं जिथं खळ खाल्ली गेली, तिथं पांढरं कडं पडलं होतं. बहुतेक कडी हरभऱ्याच्या डाळीएवढी. मातीत असे जिवाणू असतातच, त्यात नवल नव्हतं. दीपमालाच्या वाणाचं कडं रुपयाच्या नाण्याएवढं पडायचं.

दिवाळी जवळ आली. साखर कारखान्यांचे फोन सुरू झाले. पुण्याच्या संस्थेत जिवाणूंचे वाण ठेवलेले असतात. तिथून एक मागवून हंगाम निभवावा, असं रोहिणीनं भीत भीत सुचवलं. गहिनीनाथ लगेच हो म्हणाला. टाकी थांबली तर हनुमान आणि बाकीचे काय करणार, हा प्रश्न होता. तो वाण आला, टाकीत गेला. एन्झाइम निम्मंच निघालं, पण निघालं.

माती चालूच राहिली. विमलबाई आता रोज संध्याकाळी विचारायची, "घावला का?" जसं कुणाचं जनावर हरवलं असावं.

एका प्लेटवर मोठं कडं आलं. नाण्याएवढं नाही, पण डाळीपेक्षा पुष्कळ मोठं. रोहिणीनं जोडीच्या प्लेटवरून ती वसाहत उचलली, फ्लास्कमध्ये वाढवली, खळीवर लावली. आयोडीन टाकल्यावर पाणी निळं झालं नाही. जांभळट झालं, म्हणजे खळ अर्धीमुर्धी खाल्ली गेली होती. त्या दिवशी ती प्लेट घेऊन घरी आली. विमलबाईनं पदराला हात पुसून प्लेट उजेडाकडं धरली.

"ह्योच. दीपीचाच ह्यो."

"सांगता येत नाही, मावशी. मॅडमचा असेल आणि मातीत राहून उतरला असेल. नाहीतर इथल्या मातीतलाच एखादा बरा असेल."

"तपासायचं मशीन आसंल की एखादं."

"मशीन आहे. पण ताडून बघायला मूळचा हवा ना. कारखान्यातल्या उतरलेल्या नळ्या पुण्याचा वाण आला तेव्हाच वाफेत मारून टाकल्या. आपल्या एन्झाइमच्या जुन्या पावडरीत शोधावा, तर ती बारीक गाळणीतून गेलेली. तिच्यात जिवंत काही नाही."

विमलबाईनं गहिनीनाथकडं पाहिलं. "तू म्हन की तिचाच हाय म्हून. कुनाचं काय जातंय?"

गहिनीनाथला तसं म्हणता आलं असतं. आक्काला झोप लागली असती. त्यालाही लागली असती कदाचित. त्यानं प्लेट तिच्या हातातून घेतली. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब धरले होते.

"न्हाई आक्का. दीपमाला आसती तर तिनं बी म्हटलं नसतं."

"मग नळीवर नाव काय लिहू?" रोहिणीनं विचारलं. "मॅडमच्या वाणाला मॅडमचंच नाव होतं."

"सीताफळ लिही."

तिनं लिहिलं. विमलबाई आत गेली आणि भांडी घासू लागली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मग ती बाहेर आली ती खुरपं घेऊन, आणि गहिनीनाथला म्हणाली, "चल. उजेड हाय आजून."

दाराच्या बाजूची माती संपली. पलीकडच्या बाजूची थोडीच झाली आहे. सीताफळ नावाचा वाण दिव्याखाली एकदाही धरलेला नाही. दीपमालाच्या वाणाएवढं काम करणारा जिवाणू अजून मिळालेला नाही.