दशरथरावांचा अडलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुना पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. काचेची नळी, रबराचा फुगा आणि दंडाला गुंडाळावयाची कापडी पट्टी, एवढाच माझा देह. घाटकोपरच्या डॉक्टर विद्याधरांकडे मी वीस वर्षे सेवा केली. त्यांतील १९८४ सालची एक दुपार आठवली की मी आजही अस्वस्थ होतो.

डॉक्टरांचे एक रुग्ण, गिरणी कामगार दशरथराव, गिरणी बंद पडल्यापासून रात्री एका कारखान्यावर पहारा करीत आणि सकाळी वाण्याकडे पोती उचलीत. निद्रा काय ती दुपारची, जेमतेम तीन तास. ते औषध नियमित घेत, तरीही त्यांचा दाब मोजताना माझा पारा एकशे ऐंशीच्या खाली उतरेना.

"झोप कशी लागते?" डॉक्टरांनी विचारले.

"तां काय इचारतास, डॉक्टरांनू!" दशरथरावांच्या पत्नी सुलक्षणाबाई हसल्या. "असे घोरतत, शेजारी म्हणतत, गिरणीचो भोंगो तुमच्याच घरात इलो!"

डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्याच दुपारी ते मला घेऊन दशरथरावांच्या चाळीत गेले.

दशरथराव उताणे निजले होते. पट्टी आवळली तरी त्यांना जाग आली नाही. घोरणे वाढत गेले आणि अकस्मात थांबले. सुलक्षणाबाईंनी लगबगीने दार ओढून घेतले. "आता शांत झोपले. हळू बोला." या शांततेसाठी त्या रोज मुलांना बाहेर पिटाळीत असत.

"नाकापाशी हात धरा," डॉक्टर घड्याळ पाहत म्हणाले. "श्वास लागतो का?"

सुलक्षणाबाईंनी तळहात धरला, पण काहीच लागेना. वीस सेकंद. तीस. माझा पारा नळीत गोठल्यासारखा झाला. मग दशरथरावांच्या साऱ्या देहाला हिसका बसला, गुदमरल्यासारखा श्वास आत गेला आणि पुन्हा घोरणे सुरू झाले. डॉक्टरांनी लगेच दाब मोजला. दोनशे!

"श्वास अडला की दाब उसळतो आणि झोप मोडते," ते म्हणाले. "झोप अपुरी पडली की दाब वाढतो, श्वासही अधिक बिघडतो. एकातून दुसरे."

"आणि मी मेली तेव्हाच दार लावी!" सुलक्षणाबाईंनी कपाळाला हात लावला.

जागे झाल्यावर दशरथरावांना डॉक्टरांनी बजावले, "पोती उचलणे सोडा, तो वेळ झोपेला द्या. कुशीवर निजा. मोठ्या रुग्णालयात तपासून घ्या."

"काम सोडलंय तर खातलंव काय?"

"खाणारा जिवंत नको?"

दशरथरावांनी वाण्याकडचे काम सोडले. पारा हळूहळू एकशे साठावर आला. पण सुलक्षणाबाई कित्येक महिने उशाशी बसून प्रत्येक श्वास ऐकत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी घोरता घोरता असे स्तब्ध झाले, तर निश्चिंत होऊ नका. जवळ जा, कुशीवर वळवा, डॉक्टरांकडे न्या. मला केवळ दाब मोजता येतो. निजलेल्याच्या श्वासाची राखण घरच्या माणसालाच करावी लागते.