पानाला झालेला तंबोरा

बाबांचा जगात कोणावरही विश्वास नव्हता. तीस वर्षं ते बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्तीनंतर तपासायला घरचेच उरले. त्या सकाळीही त्यांनी दुधाची पिशवी कानाशी धरून हलवली, वर्तमानपत्राची पानं मोजली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे 'बघतो तुला' अशा नजरेनं पाहिलं.

"अहो, घड्याळ काय खोटं बोलणार आहे?" शिवणयंत्रावरून आई म्हणाली.

"काल या वेळेलाही हेच वाजले होते," बाबा म्हणाले.

संशयातून सुटलेली एकच गोष्ट होती: मुलीचं ज्ञानकेंद्र. काचेची इमारत, गार हवा, गळ्यात ओळखपत्र. त्यावर फोटो आणि ठळक अक्षरांत 'शिकाऊ'. शेतीशास्त्राची पदवी घेतलेली ही मुलगी तिथे दोन वर्षं शिकत होती. म्हणजे दिवसाला आठशे रोगट पानांचे फोटो बघून प्रत्येकाखाली रोगाचं नाव टाइप करत होती. त्यावरून एक यंत्र रोग ओळखायला शिकत होतं. शिकाऊंना पगार नसे, फक्त जाण्यायेण्याचा खर्च. वर्षाअखेरीस परीक्षा; पास झालं की कायम नोकरी. आजवर कोणी पास झालं नव्हतं. तरी शेजारीपाजारी अभिमानानं सांगत, "आमचाही तिथंच शिकतो हो!" रीतच पडली होती: शिकणाऱ्यानं पगाराचं विचारायचं नाही.

"आज काय शिकलीस गं?" आई रोज विचारायची.

"कालचंच."

"मग शिकवतं कोण?"

"तू ना, उगाच संशय घेतेस," बाबा म्हणायचे. बाबा!

त्या संध्याकाळी ती दुसऱ्यांदा नापास होऊन आली. एका गुणानं. सोबत तपासलेली उत्तरपत्रिका आणि तिसऱ्या वर्षाचा 'शिकाऊ' अर्ज. सकाळी सही करून द्यायचा होता.

"एक गुण! जरा नीट लिहायला काय होतं?" बाबांनी चष्मा लावला, सवयीनं कागद दोन्ही बाजूंनी उजेडात धरला आणि थबकले. "प्रश्न बारा. पानावर नारिंगी ठिपके. तू लिहिलंस तांबेरा. चूक. बरोबर उत्तर..." त्यांनी चष्मा पुसला. "तंबोरा?"

"तज्ज्ञ समितीचं उत्तर आहे ते."

"अगं, पानाला तंबोरा कसा होईल?"

"तारा लावल्या असतील," आई म्हणाली.

मुलगी हसली नाही. तिला पहिला आठवडा आठवला. तिथल्या तिच्या संगणकावर 'तांबेरा' टाइप केलं की तो स्वतःच्या मनानं 'तंबोरा' करायचा. तिनं लगेच चूक कळवली होती. 'शिकाऊंनी सूचना करू नयेत' असं उत्तर आलं होतं.

"बाबा, ही चूक माझी आहे. मी रोज टाइप केलेलीच उत्तरं उचलून मलाच नापास केलंय."

बाबांनी उत्तरपत्रिका खाली ठेवली. "पंच झालेलं तिकीट," ते हळूच म्हणाले. "तुझंच, तुलाच परत विकलं. आणि मी तीस वर्षांचा तपासनीस, गार हवेला भुललो."

सकाळी दोघं केंद्रात गेली. प्रमुख साहेबांनी पेन पुढे केलं.

"सर, समितीत कोण आहेत?" तिनं विचारलं.

"ते गोपनीय असतं."

"एक मी आहे. बाकीचे मागे बसलेत."

सतरा शिकाऊंची बोटं थांबली.

"बाळ, तू अजून शिकते आहेस."

"इथे दोघंच शिकत होतो सर, मी आणि यंत्र. पास फक्त यंत्र झालं. मला नेमणूकपत्र द्या. पद: तज्ज्ञ."

"सही न करता गेलीस तर दोन वर्षांचा साधा दाखलाही मिळणार नाही," साहेब गोड आवाजात म्हणाले.

दोन वर्षं काही थोडी नव्हती. मग तिनं ओळखपत्र काढून कोऱ्या अर्जावर ठेवलं, उत्तरपत्रिका उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी कामगार कार्यालयात चालले आहे. आपापला बारावा प्रश्न बघून घ्या."

मागे खुर्च्या सरकल्या. जिन्यात उभे राहून बाबा सवयीनं मोजत होते. अकरा.

"आणि बाकीचे सहा?" तिनं विचारलं.

"चढतील पुढच्या थांब्याला."

ते सहा कोणाच्या घरचे, ठाऊक नाही. तुमच्या घरी कोणी 'शिकत' असेल, तर आज एवढंच विचारून बघा: शिकवतं कोण?