पायाखालचा ब्रेक

“हाताला असतो रे ब्रेक! हाताला! पायाला नाही!”

आबा खिडकीतून ओरडेपर्यंत पायलट कुंपणात शिरला होता. सायकल बाहेर, पायलट आत. पुढचं चाक हवेत अजून फिरत होतं. समोरच्या घरात नुकतीच राहायला आलेली बाई ओलं कापड दोरीवर टाकायचं विसरून बघत उभी होती.

“लागलं का हो?” बायकोने विचारलं. आवाजात काळजी होती, पण ओठ दाताखाली दाबलेले होते.

“हस, मोकळेपणाने हस. पोटात ठेवू नको, दुखेल.”

मग ती हसली. आबा हसले. समोरची बाईसुद्धा हसली, तिची तर त्याच्याशी ओळखही नव्हती. पन्नाशी उलटलेला माणूस सायकल शिकताना पडला तर हसायला ओळख लागत नाही.

पायलट हे त्याचं ऑफिसातलं नाव. साहेबाच्या गाडीचा ड्रायव्हर. गाडी अशी चालवायचा की मागे बसलेल्या साहेबाची डुलकी खड्ड्यातही मोडायची नाही. पण दोन चाकांवर तो उभ्या जन्मात बसला नव्हता. तोल त्याला लवकर जमला. घात करायचा तो उजवा पाय. इतकी वर्षं समोर काही आलं की तो पाय आपसूक खाली जायचा आणि गाडी थांबायची. सायकलवरही तो तसाच जायचा. फक्त सायकलवर पाय दाबला की ती थांबत नाही, पळते. म्हणजे हा ज्या वस्तूला घाबरायचा, नेमका तिच्यावरच जास्त जोरात जाऊन आदळायचा. आधी खांब झाला, मग भाजीची हातगाडी, आणि आता कुंपण.

हौस म्हणून कोणी या वयात असं आपटून घेत नाही. ऑफिसात ‘हरित प्रवास’ नावाचं वारं शिरलं होतं. अधिकाऱ्यांच्या गाड्या बंद. हवा स्वच्छ होणार, प्रकृती सुधारणार, सगळं छान. ड्रायव्हरांचं काय? तर ज्यांना सायकल येते त्यांनी शहरातल्या शहरात टपाल पोचवायचं. शनिवारी आवारात परीक्षा. उरलेल्यांनी दुसऱ्या शहरातल्या डेपोवर जायचं, तिथे अजून ट्रक होते. तो डेपो इतका लांब की तिथून रोज घरी येणं शक्यच नव्हतं.

आणि पायलटला रोज घरी यावंच लागायचं. आबांचे पाय गेले होते. कमरेखाली त्यांना काही कळत नव्हतं. सकाळी उचलून मोरीत न्यायचं, धुऊन-पुसून परत आणायचं, संध्याकाळी खिडकीतल्या खुर्चीत बसवायचं. हे सगळं मुलगा करणार, दुसरं कोणी नाही. एकदा पगारी माणूस ठेवून पाहिला, आबांनी पहिल्याच दिवशी त्याच्या दंडाला चावा घेतला. सून समोर होती, अंगात ताकद होती, तयारी होती. पण आबांचं एकच म्हणणं. “सुनेने अंगाला हात लावायचा? त्यापेक्षा मी ओल्यात पडून राहीन.” हे बोलण्यापुरतं नव्हतं. साहेबाच्या दौऱ्यात गाडी बंद पडली होती त्या दिवशी आबा खरंच संध्याकाळपर्यंत ओल्यात पडून राहिले होते, आणि सून दाराशी उभी राहून रडत होती.

म्हणून ही सायकल. ऑफिसच्या शिपायाकडून उसनी आणलेली.

गंमत अशी की त्याला सायकलपासून लांब ठेवलं ते आबांनीच. आबा बर्फवाले. आयुष्यभर सायकलवर गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या वाहिल्या. चढावर सायकल हाणायची, मागे पाणी ठिबकतंय, पोचेपर्यंत लादी निम्मी आणि माणूस पाऊण. लहानपणी पोरगा शेजाऱ्याच्या सायकलवर बसलेला दिसला तेव्हा आबांनी त्याच्या कानाखाली वाजवली. “मी मारतोय तेवढं पायडल घराण्याला पुरे. तू बसून कमव.” पोरगा बसून कमवायला लागला तेव्हा आबांनी गल्लीभर सांगितलं, माझा मुलगा पाय न हलवता पगार घेतो.

“आता ह्यात माझी चूक काढू नकोस,” आबा खिडकीतून म्हणाले.

“मी कुठे काही बोललो?”

“तोंडाने नाही. पण पडताना प्रत्येक वेळी माझ्याकडे बघतोस.”

“आबा, ते कुठे पडतात तेच त्यांना दिसत नसतं, तुमच्याकडे कुठले बघतायत!” सून म्हणाली. तिने सायकल उचलून हँडल सरळ केलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, साडी खोचून स्वतःच वर बसली. बसली ती गेलीच. गल्लीच्या टोकाला वळली, परत आली, हाताने ब्रेक दाबून दारात थांबली आणि पाय टेकला.



आता साहेबाचं सांगतो. तोंडात शिवी येते, पण ती गिळून सांगतो. हवेचं भलं व्हावं असं मलाही वाटतं, आणि सायकल ही माणसाने केलेली सगळ्यात निरुपद्रवी वस्तू आहे. सायकलचा यात काही दोष नाही. साहेबही सायकलने ऑफिसला यायचा. म्हणजे सायकल गाडीतून यायची आणि साहेब तिच्या शेजारी बसून यायचा. पेट्रोल पंपाच्या मागे गाडी थांबायची, पायलट सायकल उतरवायचा, साहेब हेल्मेट घालायचा, तोंडावर थोडं पाणी शिंपडायचा, म्हणजे घाम वाटावा, आणि कोपरा वळून फाटकात शिरायचा. शिपाई टाळ्या वाजवायचा. गाडी मागच्या दाराने येऊन जनरेटरच्या खोलीआड लपायची.

“सायकल म्हणजे स्वातंत्र्य, पायलट,” साहेब एकदा गाडीत म्हणाला. वयाने तो पायलटपेक्षा लहान होता, तरी अरे-तुरे करायचा. “तुझं तर बरंच होणार. पोट बघ किती सुटलंय.”

“साहेब, जरा पाय उचला. तुमचं स्वातंत्र्य सीटला घासतंय.”

शनिवार आला. पायलटने आबांना सकाळीच खिडकीत बसवून ठेवलं. आवारात पांढऱ्या चुन्याने एक रेघ मारली होती. एक फेरी मारायची आणि रेघेवर थांबायचं. झाली परीक्षा. साहेब हिरवी टोपी घालून रेघेपलीकडे हिरवं निशाण घेऊन उभा. त्याच्या भोवती वर्तमानपत्रांची माणसं. बाकीचे ड्रायव्हर गेले, आले, थांबले. मग पायलट.

“घाबरू नको,” शिपाई कानात म्हणाला. “साहेबाला खांब समज.”

“खांबावर तर मी हमखास जातो, गाढवा!”

पायलट निघाला. फेरी छान झाली. पाठ ताठ, नजर समोर. शेवटचं वळण घेतलं आणि रेघ दिसली. रेघेमागे साहेब. निशाण हलवत, दात दाखवत, थेट समोर. उजवा पाय शिवशिवला. पायलटला कळलं की आता हा खाली जाणार. हात हाताच्या जागी होते, ब्रेक बोटांखाली होते, पण बोटं दगड झाली होती. पाय खाली गेला. सायकल उसळली. साहेबाचे दात मिटले. तेवढ्यात पायलटच्या देहात जे काही शहाणपण शिल्लक होतं त्याने हँडल फाटकाकडे वळवलं. निशाण फरफटलं, टोपी उडाली, आणि पायलट फाटकाबाहेर.

“अरे थांब!” मागून आवाज आला.

हाच तर प्रश्न होता.

थांबता येत नसलं तर माणसाने चालत राहावं, दुसरा इलाजच नाही. पायलट रस्त्याला लागला. बोटांना सुचली ती फक्त घंटी, ती तो सारखी वाजवत सुटला. चौकातला पोलीस आधी दचकला, मग त्याने हात करून सगळ्यांना थांबवलं. कोणी मोठा माणूस असेल असं वाटलं असावं, कारण मागे मोटरसायकलवरून फोटोवाले येत होते. पुढे पुलावर गाड्यांची रांग अडकली होती. त्यांत त्याच्यासारखेच ड्रायव्हर, खिडकीबाहेर कोपर काढून, हॉर्नवर तळवा ठेवून, जागच्या जागी म्हातारे होत बसलेले. पायलट त्यांच्या शेजारून गेला. एक गेला, दहा गेले, सगळेच मागे गेले. शर्टात वारा शिरला. इतकी वर्षं हा पूल त्याने काचेतून बघितला होता, पण खाली पाणी वाहतं त्याचा आवाज येतो हे त्याला आज कळलं. भीती गेली नव्हती. पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि त्याला ते उतरवावंसं वाटत नव्हतं.

घराच्या गल्लीला खालच्या बाजूने चढ होता. चढावर सायकल दमली आणि बरोबर खिडकीखाली आपण होऊन उभी राहिली. पायलटने पाय टेकला.

आबा बघत राहिले. “ऑफिसपासून? सायकलवर?”

“हो.”

“थांबलास कसा?”

“चढ लागला.”

“मग तिकडे परीक्षेत का नाही थांबलास?”

“तिकडे चढ नव्हता.”

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि सुनेला पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन ते म्हणाले, “पूल ओलांडून आलास ना? त्या पुलावर मी नेहमी उतरायचो. बर्फ घेऊन मला चढवायचा नाही तो.” 

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. साहेबाचा नाही, पायलटचा. पुलावर, तोंड वासलेलं. तो किंचाळत होता, पण फोटोत हसल्यासारखा दिसत होता. खाली छापलं होतं, ‘हरित प्रवासाचा आनंद, कर्मचारी थेट घरापर्यंत’. शेजारच्या छोट्या फोटोत ऑफिसच्या आवारातली साहेबाची टोपी होती, जमिनीवर, साहेबाशिवाय.

सोमवारी साहेबाने बोलावलं.

“नापास,” साहेब म्हणाला. “रेघेवर थांबायचं होतं.”

“साहेब, पुन्हा एकदा घ्या परीक्षा. घरी वडील आहेत, त्यांना उचलावं लागतं.”

“वडील मलाही आहेत.”

“चालतात?”

“रोज सकाळी फिरायला जातात.”

“मग तुम्हाला कसं कळणार?”

साहेबाने कागदावर सही केली. नियम सगळ्यांना सारखा असतो, असं काहीतरी तो बोलला. असं बोलणारा माणूस नेहमी खुर्चीत बसलेला असतो आणि ऐकणारा उभा असतो, हे मी आजवर बघत आलोय. पायलट दाराशी पोचला तेव्हा मागून आवाज आला, “आणि हो, जाता जाता माझी सायकल तेवढी गाडीत टाक. संध्याकाळी उशीर होईल मला.”

“साहेब,” पायलट म्हणाला, “चाकं आहेत तिला.”

आणि तो निघाला. बाहेर शिपायाने सगळं ऐकलं होतं. यावेळी त्याने टाळी वाजवली नाही, नुसता उठून उभा राहिला.

घरी त्याने बायकोला शिकवायला घेतलं. गुंडाळलेली गादी मध्ये ठेवून. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, ओझं छातीशी, कमरेतून वाकायचं नाही. गादी दोनदा निसटली. “आबांना असं टाकलंस तर ते चावतील,” तो म्हणाला. “चावू देत. हाकलणार कोण मला?” ती म्हणाली. आबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते. आपल्या जागी गादी ठेवून उचलायला शिकवताना ऐकणं कोणाला आवडेल?

“आबा, तिला उचलू द्याल ना?” पायलटने विचारलं.

आबांनी चादर कानावर ओढली.

“आबा.”

“ऐकू येतंय. पाय गेलेत, कान नाही गेले.”

सकाळी बॅग दाराशी भरलेली होती. डेपोच्या शहराची बस पकडायची होती. पायलट नेहमीसारखा बाह्या वर करून पलंगाशी आला, वाकला, आणि आबांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थोपवलं.

“तू सरक.”

“अहो, आज मी आहे ना.”

“आहेस म्हणूनच म्हणतो. चुकली तर सांगायला कोणीतरी हवं.” मग ते छताकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “सूनबाई, ये.”

ती आली. पदर खोचला. आबांनी डोळे घट्ट मिटले. लहान मूल औषध घेताना मिटतं तसे. मग आपला हात स्वतःच उचलून तिच्या मानेभोवती टाकला.

“माझं तोंड तिकडे राहू दे.”

“तिकडे चौकट आहे आबा, डोकं आपटेल.”

“आपटू दे.”

“नाही आपटणार. धरलंय मी.”

तिने श्वास घेतला आणि उचललं. एक पाऊल टाकलं, थांबली, पुढचं टाकलं. पायलट शेजारून चालत होता, वाकून, दोन्ही हात खाली पसरून, सुटलेच तर झेलायला. खोली ओलांडली. चौकटीपाशी ती जरा तिरकी झाली आणि आत गेली.

मोरीचं दार तिने आतून पायाने लोटलं. पाणी पडल्याचा आवाज आला. आबा म्हणाले, “थंड आहे.” ती म्हणाली, “असू दे.”

पायलट बाहेर उभा होता. हात अजून तसेच पसरलेले, रिकामे.