दोन्ही बाजूंनी ऊन

"भाऊ, चित्र नाई आलं तरी चालते. आवाज आला पाह्यजे," मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून एक गाठोडं काढून काउंटरवर ठेवलं. जुन्या, धुवट लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट. घडीघडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला.

यादोरावांनी पाला बाजूला सारला. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं हे एवढंसं दुकान. लोकांच्या घरच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या, हा धंदा. आत दोन व्हीसीआर, एक संगणक आणि कुरकुरणारा कूलर. कॅसेट हातात घेताच त्यांच्या बोटांना जे कळायचं ते कळलं. काळं प्लास्टिक मधोमध फुगलं होतं आणि कडेनं पापडासारखं वळलं होतं. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. गिऱ्हाइकाला आधी बसवावं, पाणी द्यावं, मग वाईट सांगावं, हा त्यांचा रिवाज होता.

"कोनाचं लगन हाय, बाई?" त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं करत विचारलं.

"माह्या नंदेचं, जी. आमच्या जुन्या गावातलं. आता तं गाव गोसीखुर्द धरनाच्या पान्यात गेलं. आमी पुनर्वसनाच्या कॉलनीत रायतो." त्या एका घोटात पाणी प्यायल्या. "त्या लग्नात सुगतचे बाबा पेटी वाजवून गाऊन राहिले हाय. सुगत म्हंजे माहा पोरगा. येत्या रविवारी त्याचं लगन हाय. तो म्हनते, आई, मंडपात पयले बाबाचा आवाज लागला पाह्यजे, मंग बाकी. मोठा स्पीकर सांगून ठेवला त्यानं."

"बाबा…?"

"करोनात गेले. बाबुलाल नाव होतं. लय गायचे, भाऊ. गावोगावचे लोक बलावून नेत. पन आवाज काई कोनी भरून नाई ठेवला. त्याह्यच्याजवळ साधा बटनवाला फोन होता. हे एवढंच हाय."

यादोरावांनी मान हलवली आणि पेचकस शोधायला खण उघडला. तेवढ्यात मालनबाई हसल्या. सगळा चेहरा उजळेल असं हसल्या.

"तुमी मले ओळखत नाई, पन मी तुमाले ओळखते. तुमी टीव्हीतले भाऊ. घर सांभाळावाले."

कोणी असं म्हटलं की यादोराव एरवी फुलून यायचे. एके काळी या भागात त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. गावच्या केबलवर दुपारी जुना सिनेमा लागायचा. कॅसेट लावायचं काम यादोरावांचं. हिरो कोट घालून पावसात गातो आहे, नायिका खांबाला टेकून रडते आहे, आणि नेमक्या रडण्याच्या जागी फीत चरचरते आहे, असले ते सिनेमे. कोणत्या कॅसेटीत कुठं खोट आहे हे यादोरावांना तोंडपाठ होतं. ती जागा आली की ते बटण दाबून अलगद पुढं सरकवायचे आणि बायकांना वाटायचं, सिनेमा असाच आहे. पुढं मालकानं त्यांना सिनेमाआधी पाच मिनिटं कॅमेऱ्यासमोर बसवलं. कार्यक्रमाचं नाव 'घर सांभाळा!'. भिंतीची ओल कशी घालवावी, पितळेला चिंच किती वेळ लावावी, तांदळात किडे होऊ नयेत म्हणून काय ठेवावं. गल्लीत झाडीबोली बोलणारे यादोराव टीव्हीवर मात्र इस्त्रीचा शर्ट घालून पुस्तकी मराठी बोलायचे. घरी स्वयंपाकघराचं छप्पर गळायचं ते गळायचंच. त्यांची बायको ललिताबाई गळतीखाली घमेलं लावता लावता म्हणायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपन कोरडे पाषान." यादोराव हसून सोडून द्यायचे. प्रसिद्ध माणसानं असलं मनाला लावून घ्यायचं नसतं.

"आमच्या कॉलनीत केबल आली तवापासून मी तुमचं आयकून राहिली," मालनबाई सांगत होत्या. "सिमेटाचं घर, जी. जुनं घर मातीचं होतं, सारवलं का कोरडं राहे. हे नवं घर पानी पेते. लुगडे बुरसले, फोटू बुरसले. मंग तुमी एक डाव सांगतलं कॅसेटचं."

पेचकस यादोरावांच्या हातातच राहिला.

मालनबाईंनी मान ताठ केली, आवाज बदलला आणि शाळेतली पोर कविता म्हणते तसं म्हणून दाखवलं. "'जे जपायचं, त्याला वैशाखात ऊन दाखवा. डाळ असो, गोधडी असो, की लग्नाची कॅसेट असो. दोन्ही बाजूंनी दाखवा. आणि एकही वर्ष चुकवू नका.'" मग हसून म्हणाल्या, "पाह्यलं? एक शब्द नाई इसरली."

शब्द खरंच एक चुकला नव्हता. यादोरावांना तो दिवसही आठवला. एका बाईनं फोन करून विचारलं होतं की कॅसेटीवर पांढरी बुरशी येते, काय करावं? यादोरावांना ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं टीव्हीवर बसून कोण म्हणतं? त्या दिवशी डाळी-गोधड्यांना ऊन दाखवायचा विषय चालला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर ते शेवटचं वाक्य इतकं ठसक्यात आलं की मालकानं पाठ थोपटली होती.

पुढं केबल गेली, घराघरावर डिशच्या छत्र्या आल्या, यादोरावांचा कार्यक्रम गेला. ते या धंद्यात उतरले आणि उन्हानं आखडलेली पहिली कॅसेट उघडली तेव्हा आपण काय सांगून बसलो होतो ते त्यांना कळलं. कॅसेटीला ऊन म्हणजे विष. सावलीत, कोरड्यात, उभी ठेवायची असते ती. तोवर चुकीची दुरुस्ती करायला टीव्हीच उरला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यांनी मनाची समजूतही घालून घेतली होती. सल्ला कोण ऐकतं? बायका सिनेमा सुरू व्हायची वाट बघत असतात. आधीचा सल्ला म्हणजे त्यांना अडचणच.

"दर वैशाखात घरावरच्या सलाबवर धुतलेलं फडकं टाको," मालनबाई म्हणाल्या. "एका कडेले कुरड्या, मधात कॅसेट. सुगतचे बाबा चिडवत. म्हनत, मले वाळत घालून राहिली का व? मी म्हनो, तुमचा आवाज हाय त्याच्यात, बुरसला तं कोन गाईन?"

यादोरावांनी कॅसेटचे पेच काढले. बाईंकडे बघावं लागू नये म्हणून ते खाली वाकून काम करत राहिले. झाकण सहजी निघेना, पातं घालून उचकटावं लागलं. आत फीत कडेनं चुणली होती आणि वेढ्याला वेढा चिकटला होता. दुसऱ्या चांगल्या कॅसेटीचं खोकं घेऊन त्यांनी दोन्ही चाकं त्यात बसवली. मग बोटानं, अगदी सावकाश, एकेक वेढा सोडवत फीत पुढं-मागं फिरवली. बोटांना तपकिरी भुकटी लागली. फितीवरचं चित्र आणि आवाज असतो तो त्या भुकटीतच. तो आता त्यांच्या बोटांवर होता.

"लावून पाहू," ते म्हणाले. "पन बाई, भरोसा नाई देत."

"लावा, जी."

पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग पांढरे पट्टे वर सरकत राहिले. व्हीसीआरमधून गुरगुर ऐकू आली, माणसाची की यंत्राची ते कळेना. मालनबाई खुर्चीवरून उठून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. पट्टे क्षणभर थांबले आणि खालच्या अर्ध्या भागात दोन हात दिसले. पेटीच्या पट्ट्यांवर बोटं फिरत होती. डाव्या हाताला घड्याळ. वर, जिथं चेहरा असायला हवा तिथं, सगळं पांढरं.

"त्याह्यचेच हायेत," मालनबाई ओरडल्या. "घड्याळ पाहा! आमच्या लग्नातलं घड्याळ हाय ते! भाऊ, वरतं करा थोडंसं, तोंड दिसू द्या!"

वर करता येत नाही हे यादोरावांनी सांगायच्या आत हात गेले. आतून कट्कन आवाज आला. त्यांनी धावत बटण बंद केलं, व्हीसीआर उघडला. फीत तुटली होती. तुटली तर चिकटवता येते, पण पुढच्या सगळ्या वेढ्यांवरून भुकटी सुटून आली होती आणि खाली नितळ, आरपार दिसणारं प्लास्टिक उरलं होतं. त्यावर काही नव्हतं. बाबुलाल नव्हते, नणंदेचं लग्न नव्हतं, पाण्याखाली गेलेलं गाव नव्हतं. ते त्यांनी उजेडापुढं धरलं आणि त्यातून पलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.

"नाई होत, बाई," ते म्हणाले.

मालनबाई पडद्यापासून मागं सरल्या. मग खुर्चीवर येऊन बसल्या आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रडल्या नाहीत. हिशेब लागल्यासारखी मान हलवली.

"माहीच चूक हाय," त्या म्हणाल्या.

यादोरावांनी फीत खाली ठेवली. "तुमची कायची चूक?"

"मी एक वैशाख चुकवला. हे गेले तो वैशाख. दवाखान्यातून मानूस बी दिला नाई, भाऊ. तवा कोन ऊन दाखवते कॅसेटले? संदुकीतच राह्यली ती त्या साली. तवाच बुरसली असंन. तुमी तं सांगतलं होतं. एकही वर्ष चुकवू नका."

आता बोलायला हवं होतं. यादोरावांनी तोंड उघडलंही. "बाई, ते ऊन…"

मालनबाईंनी मान वर केली. यादोरावांना त्या डोळ्यांत तो सगळा स्लॅब दिसला. धुतलेलं फडकं, कुरड्या, मधोमध कॅसेट, आणि दुपारभर उन्हात येऊन ती उलटवून जाणारी ही बाई. खरं सांगितलं तर चुकलेल्या एका वर्षाचा ठपका निघून जाईल हे खरं. पण मग ज्या ज्या वर्षी तिनं चुकवलं नव्हतं, त्या प्रत्येक वर्षी स्वतःच्या हातानं नवऱ्याचा आवाज जाळला हे तिला कळेल. हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि सांगायचं ते तिच्यासाठी, की आपलं मन मोकळं व्हावं म्हणून, हेही त्यांना उमजेना. भीतीही वाटली. ती लपवून उपयोग नाही. या गल्लीत त्यांना टीव्हीतले भाऊ म्हणणारं आता कोण उरलं होतं?

"एका वर्सानं काई होत नाई," ते कसंबसं म्हणाले. "त्या काळची फीतच हलकी येत होती. कोनाचीच टिकली नाई."

"राहू द्या, भाऊ. माह्यासाठी खोटं कायले बोलता?" त्या मायेनं म्हणाल्या. त्यांनी तुटलेल्या फितीचा लोंबता तुकडा आत सारला, कॅसेट लुगड्याच्या तुकड्यात ठेवली आणि काउंटरवर सांडलेला पाला वेचून घडीत घातला. "मंडपात पेटी ठेवू. गादीवर नुसती पेटी. समजाचं ते लोक समजतीन."

"जयभीम, भाऊ," असं म्हणून त्या निघाल्या. यादोरावांनी हात जोडले. उंबऱ्यापाशी त्या थबकल्या.

"एक इचारू का, जी?"

"इचारा ना."

"लग्नाच्या धांदलीत यंदा अजून उरकलं नाई. वैशाख तं सरून राहिला. आता हिले ऊन दाखवू का नको?"

सल्ल्यासाठी यादोरावांचं तोंड कधी अडलं नव्हतं. ओलीवर, किड्यांवर, पितळेवर, सगळ्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. आता त्यांनी बाईंच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"दाखवा," ते म्हणाले.

"दोन्ही बाजूनं?"

"हाव, बाई. दोन्ही बाजूंनी."

त्या गेल्यावर यादोराव व्हीसीआरपाशी आले. फीत वाचणारं आतलं डोकं पुसायला कापूस घेतला आणि तपकिरी भुकटीकडे बघून तो तसाच खाली ठेवला. ती पुसणं त्यांना जमेना. ते दाराशी जाऊन उभे राहिले. रस्त्यापलीकडे भांड्यांच्या दुकानांच्या छपराखाली सावलीत माणसं ऑटोची वाट बघत दाटीनं उभी होती. मालनबाई त्या सावलीत गेल्या नव्हत्या. डोक्यावर पदर घेऊन त्या भर उन्हात उभ्या होत्या. गाठोडं सोडून त्यांनी कॅसेट तळहातावर धरली होती. थोड्या वेळानं त्यांनी ती उलटी केली आणि तशीच धरून ठेवली.