चिंचेच्या पाण्यातला खडा

मी एक जुना खडा आहे, मित्रांनो. किती जुना, ते मलाही सांगता येणार नाही. चकलांबा गावच्या काळ्या पाषाणात एक पोकळी होती. तिच्यात पाणी झिरपायचे आणि त्या पाण्यातल्या चुन्यावर मी हळूहळू वाढलो. विहीर खोदताना सुरुंग उडाला आणि माझ्या घराला भगदाड पडले. ज्याची विहीर होती त्या अजिनाथने मला उचलले, धुतले आणि आपल्या आईच्या, म्हणजे मंजुळाबाईच्या, हातात ठेवले. ती म्हणाली, "स्फटिक हाय ह्यो. देवात ठिवते."

तिथेच माझे नाव चुकले आणि ते चुकीचे नाव पुढे माझ्या जिवावर बेतले. स्फटिक म्हणजे गारगोटीचा सख्खा भाऊ. त्याची कांडी सहा बाजूंची आणि काचेवर ओरखडा काढील इतकी कठीण. मी आहे कॅल्साइट. माझा आकार एका बाजूने दाबलेल्या खोक्यासारखा तिरका, आणि फुटलो तरी तुकडे तसेच तिरके पडतात. साधा चाकूसुद्धा मला ओरखडतो आणि आंबट तर माझा काळच. पण देवघरात पाणी आणि गंध यापलीकडे काही अंगाला लागत नसे, म्हणून बरीच वर्षे निभावली.

यंदा दसरा काढताना घात झाला. घटस्थापनेआधी आमच्याकडे घरातले झाडून सगळे धुतात, त्याला दसरा काढणे म्हणतात. समईच्या तेलाने मी चिकट झालो होतो. मंजुळाबाईने पितळेच्या देवांबरोबर मलाही घंगाळातल्या चिंचेच्या पाण्यात बुडवले.

माझ्या अंगाचा चुना सुटू लागला आणि बारीक बुडबुडे वर आले. मंजुळाबाईने हात जोडले. "वच्छले, इकडं ये गं. देव बोलायलाय."

शेजारची वच्छलाबाई आली आणि तिच्यामागून निम्मी आळी आली. कुणीतरी माझ्यावर लिंबू पिळले. बुडबुडे वाढले. मग काय विचारता, घराघरांतून लिंबे निघाली. मला ओरडता येत नव्हते. माझ्या कडांच्या धारा विरघळत होत्या आणि बायका आरती म्हणत होत्या.

इतक्यात अजिनाथची मुलगी ऋतुजा एसटीतून उतरून आली. ती बीडच्या कॉलेजात दगडांचे शास्त्र शिकते. घंगाळात डोकावताच तिने पिशवी खाली टाकली.

"आजे, लिंबू थांबिव. ह्यो स्फटिक न्हाई, कॅल्साइट हाय. झिजायलाय त्यो."

"दोन बुकं शिकली की देवाचा दगड व्हतोय व्हय?" वच्छलाबाई म्हणाली.

ऋतुजाने मला पुसून वर्तमानपत्रावर ठेवले. माझ्यातून पाहिले की एका ओळीच्या दोन ओळी दिसतात. ही माझ्या जातीची पक्की खूण, स्फटिकातून असे दिसत नाही. मला वाटले, सुटलो. वच्छलाबाई वाकली, तिने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, एकाचे दोन करायलाय. आणा गं आणखी लिंबं."

करायला गेलो गणपती नि झाला मारुती. मी पुन्हा घंगाळात पडलो.

आता ऋतुजाने वाद घातला नाही. तिने अर्धे लिंबू घेतले आणि दारातल्या शहाबादी फरशीवर पिळून अंगठ्याने घासले. तिथेही बुडबुडे आले.

"हिच्यात बी त्योच चुना हाय, वच्छलाकाकू. हिच्यावर रोज चपला काढता तुमी."

वच्छलाबाईने नकळत पाय मागे घेतला. पण हातातली लिंबे कुणीच खाली ठेवीना. सगळ्या मंजुळाबाईकडे बघू लागल्या, कारण देव तिचा होता. तिने मला बाहेर काढून उजेडात धरले.

"सकाळी ह्याच्यातून आरपार दिसत हुतं," ती म्हणाली. "लिंबं घरी न्या, बायांनो."

"पर मावशी, देव बोलत हुता की."

"बोलत नव्हता, वच्छले. कण्हत हुता."

मित्रांनो, मी अजून देवघरातच आहे. माझ्यातून आता धुरकट दिसते आणि गेलेल्या धारा काही परत येत नाहीत. तुम्हाला विहिरीच्या ढिगात कधी चमकता खडा सापडला, तर त्याच्या बाजू मोजा, कोन बघा, त्याचे खरे नाव शोधा, आणि मगच त्याला घरात जागा द्या. त्या दिवशी मला मारायला कुणीही आले नव्हते. सगळ्या माझ्या पाया पडत होत्या.