दुसरं कार्ड

त्रिंबकनं टॉर्च दातांत धरला, टेबलाखाली पालथा पडला आणि कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात दुसरं नेटवर्क कार्ड पुन्हा एकदा दाबून बसवलं. स्क्रू आवळून तो कंबर धरत उठला आणि मशीन पुन्हा चालू केलं. टेबलाखालची सगळी धूळ शर्टाला लागली होती. स्क्रीनवर काळ्यावर पांढरी अक्षरं मात्र जशीच्या तशी होती. दोनपैकी एकही कार्ड मशीनला दिसत नव्हतं.

“काय करू राह्यला रे?” दाराजवळच्या खुर्चीवरून बानाबाईनं विचारलं.

“कार्ड बसवू राह्यलो, माय.”

“मघाबी तेच बसवू राह्यला व्हता.”

कुलरमध्ये पाणी नव्हतं, त्यामुळे तो नुसता गरम वारा फेकत होता. मुकुंदवाडीतल्या घरी टँकर आला नव्हता आणि पंखाही बंद पडलेला, म्हणून म्हातारी डबा घेऊन आली ती दुकानातच बसून राहिली होती.

दुकान म्हणजे औरंगपुऱ्यातल्या गल्लीत लांबट खोली. आधी तिथं नुसता फोनचा बूथ होता, मग चार कॉम्प्युटर आले आणि दारावर ‘मल्हार नेट कॅफे’ अशी पाटी लागली. केबलवाल्याची वायर बाहेरून एका कॉम्प्युटरला यायची आणि तिथून बाकीच्यांना नेट मिळायचं. त्या एका कॉम्प्युटरला म्हणून दोन कार्डं, एक बाहेरच्या वायरीचं, दुसरं आतल्यांसाठी. विंडोजवर हे गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग व्हायरसनं पिच्छा पुरवला आणि परवा ते मशीन कायमचं झोपलं. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती. हिला व्हायरस लागत नाही, असं आत छापलेलं. त्रिंबकनं मल्हारीचं नाव घेऊन तीच घातली. लिनक्स बसलं, झोकात बसलं. फक्त बाहेरच्या जगाशी एक शब्द बोलायला तयार नव्हतं.

आणि उद्या बारावीचा निकाल होता. निकाल आधी नेटवर लागणार, म्हणून गल्लीतली पोरं-पोरी आठवडाभर येऊन विचारून गेली होती. उद्या शटर खाली दिसलं की ती कोपऱ्यावरच्या नव्या कॅफेत जातील, तिथं एसी आहे. एसीची चटक लागलेलं गिऱ्हाईक पुन्हा मल्हारकडे वळेल, इतका त्रिंबक भोळा नव्हता.

“सोम्याला इचार की,” बानाबाई म्हणाली. “त्याचं कामच हे हाये.”

“त्याला कामं असत्यात.”

“इचारून तर पाय.”

सोमनाथ त्रिंबकचा धाकटा भाऊ. पुण्यात एका कंपनीत असलीच मशिनं सांभाळायचा. गेल्या उन्हाळ्यात सिल्लोडकडच्या त्यांच्या गावात विहिरींनी तळ दाखवला. दरवर्षी मेंढरं घेऊन घरचे सगळे या शहराच्या बाजूला उतरायचे, पण ती मोकळी रानंही आता प्लॉट पाडून तारांच्या कुंपणात गेली होती. त्रिंबकनं एके दिवशी सगळा कळप बाजारात नेऊन व्यापाऱ्याच्या हवाली केला. सोमनाथला ते आठ दिवसांनी आईकडून फोनवर कळलं. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत त्या कळपामागे चालून वाढलेला पोरगा. तो फोनवर एवढंच म्हणाला, ‘बरं.’ त्यानंतर तो घरी आला नाही. दिवाळीलाही नाही. आईशी बोलायचा, पण तेही असं, की त्रिंबकनं नंबर फिरवायचा, रिसीव्हर म्हातारीच्या हातात द्यायचा आणि लांब जाऊन उभं राहायचं.

आज त्यानं नंबर फिरवला आणि रिसीव्हर स्वतःच्याच कानाला ठेवला. बानाबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला.

“हॅलो.”

“मी बोलतो. त्रिंबक.”

पलीकडे जरा वेळ कोणाच्या तरी कीबोर्डचा आवाज येत राहिला. “आई बरी आहे ना?”

“बरी हाये. इथंच बसली.” त्रिंबकनं घसा साफ केला. “लिनक्स टाकलं. दोन्ही कार्डं दिसत नाय.”

“चिपवर काय लिहिलंय?”

नंबर पाठच झाला होता. “आरटीएल, आठ एक तीन नऊ.”

“दोन्हींवर?”

“व्हय.”

“इन्स्टॉल करताना त्यानं कार्डाबद्दल विचारलं असेल.”

विचारलं होतं. इंग्रजीत भली मोठी खिडकी उघडून विचारलं होतं, आणि त्रिंबकनं घाईघाईत नको म्हणून पुढं ढकललं होतं. हे त्यानं सांगितलं नाही.

“असं कर,” सोमनाथ म्हणाला. “मॉडप्रोब लिही, कार्ड उठवायचा हुकूम आहे तो. मग जागा सोड, मग एट वन थ्री नाइन टू. आणि एंटर. मला मीटिंग आहे, ठेवतो.”

सगळं पुण्याचं बोलणं, धुऊन इस्त्री केलेलं. त्रिंबकला ते कधीच आवडलं नव्हतं, आज तर नाहीच. तरी त्यानं सांगितलं तसं टाइप केलं. 81392. मशीननं असं काही सापडत नसल्याचं कळवलं. त्यानं विचार केला, कार्डं दोन, तेव्हा टू म्हणजे दुसऱ्याचं असणार. आधी पहिलं उठवायला पाहिजे. त्यानं 81391 लिहिलं. तेही सापडलं नाही. उलटसुलट करून झालं, मध्ये जागा सोडून झालं. मशीन एकाच वाक्यावर अडून बसलं.

त्रिंबक खुर्चीत मागं रेलला. दमला होता. टेबलाखालच्या वाकावाकीचा शिणवटा एवढा नसतो, हे त्याचं त्यालाही कळत होतं. सोम्यानं मुद्दाम अर्धवट सांगितलं, असं त्याच्या मनात आलं. मग त्या विचाराचीच त्याला लाज वाटली.

“काय म्हणला?” बानाबाईनं विचारलं.

“घाईत व्हता.”

“मंग आता परत लाव.”

“माय, जरा गप बस.”

ती गप बसली. डब्यातली भाकरी कोरडी होत चालली होती, तिनं फडकं ओलं करायला रिकाम्या तांब्याकडे पाहिलं आणि तशाच कोरड्या फडक्यानं ती पुन्हा नीट झाकली. त्रिंबकनं ते पाहिलं आणि परत नंबर फिरवला.

“नाय झालं,” तो म्हणाला. “सापडत नाय म्हणतंय.”

“असं कसं? काय टाकलं ते वाच.”

“मॉडप्रोब. आठ एक तीन नऊ दोन.”

“दोन?” सोमनाथ हसला नाही, पण त्याचा आवाज थोडा सैल झाला. “दोन नाही, दादा. आकडा नाही तो. टी, डबल ओ. टू.”

वर्षभरात ‘दादा’ पहिल्यांदाच कानावर आलं होतं. त्रिंबक गडबडला. “मंग त्या टूचा अर्थ काय?”

“टू म्हणजे पण.”

“पण काय?”

“पण.”

“अरे, बोल की पुढं. पण काय?”

पलीकडे एक दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. सोमनाथ खोलीच्या बाहेर आला असावा. बोलला तेव्हा त्याचं पुणं कुठल्या कुठं गेलं होतं.

“पण म्हंजी बी, दादा. आपलं बी. ‘मलाबी इचारायचं व्हतं’, त्याच्यातलं बी.”

त्रिंबकचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं. मग त्यानं एक एक करून टी दाबला, ओ दाबला, पुन्हा ओ दाबला आणि एंटर मारलं. मशीननं काही तक्रार केली नाही, नुसतं गुमान पुढच्या ओळीवर आलं.

“काही बोललं?”

“नाय. गप हाये.”

“गप राह्यलं म्हंजी ऐकलं त्यानं. आता मी सांगतो ते लिव्ह.”

सोमनाथ सांगत गेला, त्रिंबक लिहीत गेला. पहिलं कार्ड दिसलं, त्याखाली दुसरं दिसलं. बाहेरच्या वायरीच्या कार्डामागे हिरवा दिवा लुकलुकायला लागला. शेवटचा हुकूम लिहून झाल्यावर दोघं उत्तराची वाट पाहत फोन धरून राहिले.

“इचारलं असतं,” त्रिंबक स्क्रीनकडे बघतच म्हणाला, “तर तू नको म्हणला असता. अन् तू नको म्हणला असता तर माझ्यानं मेंढरं इकली गेली नसती. इथंच मेली असती समदी. म्हनून नाय इचारलं.”

“हो म्हणलो असतो,” सोमनाथ म्हणाला. “पाणीच नव्हतं, ते मला काय दिसत नव्हतं का? हो म्हणलो असतो. अन् मीबी आलो असतो बाजारला. तू एकटाच गेला.”

स्क्रीनवर उत्तरं यायला लागली होती, एकाखाली एक, न थांबता. त्रिंबकला ती नीट वाचता येईनात. त्यानं धुळीनं भरलेल्या बाहीनं तोंड पुसलं.

“काय म्हणला?” बानाबाईनं दारातून विचारलं.

त्रिंबकनं रिसीव्हर तिच्या हातात दिला. लांब जाऊन मात्र उभा राहिला नाही. तिच्या खुर्चीला टेकून तिथंच खाली बसला.